सैनिकाच्या विधवेवरील घर सोडण्याची वेळ आणि सरकारी मदत

प्रश्न : माझे पती १९६५ साली शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि नऊ वर्षांनी सेवामुक्त झाले. त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. गेल्या वर्षी ते वारले. पुणे शहरात जुन्या वाड्यातील खोलीत आम्ही चाळीसहून अधिक वर्षे भाड्याने राहतो. भाडेपावत्या त्यांच्या नावावर आहेत. चार महिन्यांचे भाडे थकल्याने घरमालकांनी पंधरा दिवसांत खोली सोडण्याची नोटीस दिली असून पाणी तोडण्याचीही भाषा ते करीत आहेत. माझे वय ७३ आहे. सरकारकडून काही मदत मिळेल का?

उत्तर : मदत मिळू शकते, परंतु अनुदानाचा अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि नोटिशीची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी घर सुरक्षित करावे.

पतीच्या निधनाने आपला भाडेहक्क संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मृत भाडेकरूसोबत त्या जागेत राहणारी पत्नी स्वतः भाडेकरू ठरू शकते. कलम १५ प्रमाणे थकबाकीच्या कारणावरून दावा करण्यापूर्वी लेखी मागणीची नोटीस बजावून ९० दिवस जावे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांच्या मुदतीला घाबरून खोलीची किल्ली देऊ नये आणि कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. दावा दाखल झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेले भाडे, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास व पुढील भाडे नियमित भरत राहिल्यास त्या कारणाने बेदखलीचा हुकूम होत नाही. दरम्यान शक्य तेवढे भाडे मनीऑर्डरने पाठवावे. मालकांनी ते नाकारले, तरी परत आलेला कागद भाडे देण्याच्या आपल्या तयारीचा पुरावा ठरतो. पाणी तोडल्यास कलम २९ खाली ते पूर्ववत करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

वकिलाच्या खर्चाची चिंता नसावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नोटीस घेऊन जावे.

आता पैशांविषयी. संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून निवृत्तिवेतन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालील दर्जाच्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीचे मासिक अनुदान, दिली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून सादर होणाऱ्या अर्जांसाठी ती दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाली आहे. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरला जातो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने पुढे जातो. राज्याच्या कल्याणकारी निधीतून तातडीच्या साहाय्याची मागणीही त्याच कार्यालयात लेखी करावी व पोच घ्यावी. ही मदत कायद्याने मिळणारा हक्क नसून निधीच्या नियमांवर अवलंबून आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

अशा अर्जांत खरी अडचण कागदपत्रांची येते, आणि सर्वांत गरजू विधवाच तिथे अडकून राहतात याचे मला मनापासून वाईट वाटते. पतीचे डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी सैन्याने दिलेले सेवानोंदीचे पुस्तक) काढून त्यातील कुटुंबाच्या पानावर पत्नी म्हणून आपले नाव आहे का, आणि त्याचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळते का, ते पाहावे. तफावत असल्यास प्रतिज्ञापत्रासह पतीच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत करावा. त्याच पुस्तकात राखीव सेवेची (प्रत्यक्ष सेवेनंतर गरज पडल्यास बोलावले जाण्याच्या काळाची) नोंद आढळली, तर नऊ वर्षांत ती मिळवून निवृत्तिवेतनाचा हक्क होत होता का, याची विचारणा अभिलेख कार्यालयाला आवर्जून करावी, कारण तसे असल्यास आपला मार्ग अनुदानाचा न राहता निवृत्तिवेतनाचा होतो.

नोटिशीला उत्तर याच आठवड्यात, वकिलामार्फत आणि स्पीड पोस्टाने पाठवावे.