एकाला एक हवं म्हणून?

‘घरातली मुलं’ या सदरासाठी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. नव्या वाचकांसाठी सांगते, माझं सगळं आयुष्य मिरजेत बालवाडी चालवण्यात गेलं. वैद्यकीय बाबतीत डॉक्टर सांगतील ते ऐका. मी सांगते ते मुलांमध्ये बसून जे पाहिलं ते.

ताई, मी ३४ वर्षांची आहे. चिंचवडला राहते, नोकरी करते. मुलगी चार वर्षांची आहे. यजमानांना कंपनीत तीन पाळ्या असतात. सासूबाई, नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांचं एकच म्हणणं : ‘एकाला एक हवं, नाहीतर पोर एकटी पडेल.’ मला स्वतःला दुसरं हवंय की नाही, हेच ठरत नाही. आमच्याच घरात यजमान आणि मोठे दीर जमिनीच्या वाटणीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. सोबतीसाठी म्हणून दुसरं होऊ द्यावं का? आणि सासूबाईंना काय सांगू?

सोबतीसाठी नको.

दुसरं मूल येतं ते स्वतःची भूक, स्वतःची झोप, स्वतःचा हट्ट घेऊन. जन्माला यायच्या आधीच त्याला थोरलीची सोबत करण्याचं काम नेमून देणं मला पटत नाही. भावंडं एकमेकांची झाली तर त्यासारखं सुख नाही, मी ते पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पण तशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि त्याचा दाखला तुम्ही स्वतःच पत्रात दिलाय. तुम्हा दोघांना आणखी एक माणूस वाढवायची ओढ आहे का, प्रश्न तेवढाच आहे. ओढ असेल तर बाकीचं बसवता येतं. नसेल तर कुणाच्या बोलण्याने ती येणार नाही.

एकुलती मुलं हट्टी आणि एकलकोंडी निघतात, ही भीती मनातून काढा. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये असे ११५ अभ्यास एकत्र तपासले. स्वभावात किंवा इतरांत मिसळण्यात एकुलती मुलं कुठेही मागे नव्हती. बालवाडीतही खेळणं घट्ट धरून बसलेलं मूल एकुलतं आहे की तिघांतलं, हे मला वागण्यावरून कधी ओळखता आलं नाही. मुलीला रोज दुसरी मुलं भेटली पाहिजेत, हे मात्र खरं. सोसायटीच्या आवारात संध्याकाळचा तास, सुट्टीत मामे-मावस भावंडांकडे चार दिवस, आणि जिथे न विचारता जाता येईल असं एक घर. एवढं मिळालं तर ती एकटी पडत नाही.

ठरवण्यासाठी एका संध्याकाळी दोघं कागद घेऊन बसा. यजमानांची रात्रपाळी असलेला एखादा मंगळवार तासातासाने लिहून काढा. बाळ रात्री उठलं तर कोण उठणार? पाळणाघरातून थोरलीला कोण आणणार? एकाला ताप आला तर रजा कुणाची? कागदावर सगळीकडे तुमचंच नाव आलं, तर प्रश्न मुलांच्या संख्येचा नाही, घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. तो आधी सोडवा. नोकरीबाबत माहिती असावी म्हणून : मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. ऑफिसात विचारायला संकोचू नका.

पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता वेगाने घटू लागते, म्हणून निर्णय चार-पाच वर्षं लोंबकळत ठेवू नका. घाबरून उद्याच घ्यायचीही गरज नाही. आधीचं सिझर असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. आणि एकच पुरे असं ठरलं, तर पुढची सगळी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेऊ नका. ‘३८० ए’ जातीची तांबी दहा वर्षं चालते. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, फक्त त्यानंतर तपासणी होईपर्यंत साधारण तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली होती, आणि पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. हा आकडा वाचला की मला दर वेळी राग येतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते १९२१ मध्ये. शंभर वर्षं उलटून गेली तरी हा भार बायकांच्याच पोटावर आहे.

सासूबाईंना काय सांगायचं, तेही विचारलंय. ते तुमच्या यजमानांनी सांगायचं. त्यांची आई आहे, त्यांनीच बोलावं.

नमस्कार. मी नाशिकला असतो. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सात महिन्यांची. मुलगा पूर्वी फार समजूतदार होता. आता बाळाचे गाल इतके दाबतो की ती कळवळते. परवा चिमटा काढून रक्त साकळवलं. शाळेत पुन्हा चड्डी ओली करतो. मला म्हणाला, ‘बाबा, हिला परत हॉस्पिटलात कधी ठेवून यायचं?’ त्याच्या आईचा तोल जातो, एकदा तिने त्याला मारलंही. माझी आई म्हणते, दृष्ट लागली. मुलगा दुष्ट तर होत नाहीये ना?

नाही. तुमचा मुलगा दुष्ट नाही, तो दुःखात आहे. वडिलांनी हे पत्र लिहिलं याचा मला फार आनंद झाला. अशी पत्रं बहुतेक आयांचीच येतात.

या सात महिन्यांत त्याच्या वाट्याला काय आलं ते पाहा. आई एका रात्री गेली आणि दोन-तीन दिवसांनी दुसरंच कुणी कुशीत घेऊन आली. मग सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं. आत शेक, धुरी, मालिशवाल्या बाई. बाहेर त्याला ‘श्श, बाळ झोपलंय’. बारशाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात झबलं-टोपडं, आणि त्याच्यासाठी एकच वाक्य : ‘आता तू दादा झालास हं!’ साडेचार वर्षांचं मूल बाळ आल्याने एका दिवसात मोठं होत नाही. ते साडेचार वर्षांचंच असतं.

आणि हे आत्ताच का वाढलं, त्यालाही कारण आहे. सुरुवातीला बाळ एका जागी पडून असतं. सात-आठ महिन्यांचं झालं की सरकायला लागतं, त्याच्या गाड्या ओढतं, ठोकळ्यांचा मनोरा पाडतं, आणि सगळे टाळ्या वाजवतात. आता त्याच्या वस्तूंवरही चाल झालेली असते. म्हणून त्याच्या दोन-चार लाडक्या वस्तू ट्रंकेत किंवा उंच फळीवर ठेवा, आणि त्या बाळाला द्यायची सक्ती करू नका. स्वतःचं काही सुरक्षित आहे असं वाटलं, की मुलं आपणहून देतात.

चिमट्याचं सांगते. हात थांबवायचाच, तिथे सूट नाही. त्याचा हात धरा, खाली बसा आणि दोनच वाक्यं बोला : ‘तुला राग आलाय. मी तिला लागू देणार नाही.’ भाषण नको, ‘सॉरी म्हण, पापी घे’ नको. जबरदस्तीच्या पापीने प्रेम वाढत नाही. राग यायला परवानगी, हात उगारायला नाही, ही रेघ तुम्ही रोज सारखी ठेवलीत तर त्याला ती कळते. आणि निदान सध्या दोघांना मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नका, मिनिटभरही नाही. तो हॉस्पिटलचं विचारेल तेव्हा ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. ‘पूर्वी आई फक्त तुझीच होती, आठवण येते ना?’ एवढं विचारून बघा. माझ्या बालवाडीत अशा प्रश्नावर भोकाड पसरलेली मुलं नंतर शांतपणे डबा खाताना मी पाहिली आहेत.

आता तुम्ही काय करायचं. अशा वेळी वडील थोरल्याला बाहेर नेतात आणि आई बाळापाशी राहते. तुम्ही उलट करा. बाळाला तुम्ही घ्या, आणि आईला रोज वीस मिनिटं फक्त त्याच्याबरोबर राहू द्या. वेळ ठरलेली, दार लावलेलं, फोन बाहेर. त्या वीस मिनिटांत काय करायचं ते त्याने ठरवायचं. त्या दिवशी त्याने चिमटा काढला असला तरी ही वेळ काढून घ्यायची नाही; काढून घेतलीत तर त्याला जी भीती आहे तीच खरी ठरते.

घरातल्या बोलण्यात दोन बदल करा. ‘बाळामुळे आज बागेत जाता येणार नाही’ हे वाक्य बंद. त्याऐवजी ‘मला आज दमायला झालंय, उद्या जाऊ’. दुसरा बदल : त्याला ऐकू जाईल असं कधीतरी बाळालाही थांबायला सांगा. ‘थांब गं राणी, आधी दादाचे बूट घालून देते.’ सात महिन्यांच्या बाळाचं त्याने काही बिघडत नाही, आणि दादाचा चेहरा कसा फुलतो ते पाहाच. केंब्रिजमध्ये मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डन यांनी घरोघरी जाऊन दुसरं मूल येण्याच्या काळातल्या कुटुंबांचं निरीक्षण केलं होतं. ज्या आया थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत (‘ती का रडत असेल? तुला काय वाटतं?’), त्या घरांतली भावंडं पुढे एकमेकांशी अधिक जिव्हाळ्याने वागताना दिसली. तेव्हा त्याला विचारा, सल्ला घ्या. लंगोट आणून देणारा हरकाम्या मात्र करू नका.

चड्डी ओली होण्यावर एक शब्दही बोलू नका. दप्तरात जादा चड्डी ठेवा, बाईंना कल्पना द्या. बहुतेक मुलांचं हे आपोआप थांबतं. मात्र लघवी करताना दुखत असेल, ताप असेल, किंवा तो एकाएकी खूप पाणी पिऊ लागला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. दृष्ट काढल्याने आजीला बरं वाटत असेल तर काढू द्या, पण मूल ‘बिघडलंय’ असं त्याच्यासमोर कुणी म्हणता कामा नये.

त्याच्या आईबद्दल. मारणं थांबलंच पाहिजे, पण त्यासाठी तिला आधी झोप मिळायला हवी. रात्रीचं एक उठणं तुम्ही घ्या. बाळ झोपल्यावरही तिला झोप लागत नसेल, रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी मोफत मदतही मिळते.

मी बीड जिल्ह्यातली आहे. दोन मुली आहेत, नऊ आणि सहा वर्षांच्या. घरात मुलासाठी तिसऱ्याचा धोशा चालू आहे. मालकांना पुढच्या वेळी ग्रामपंचायतीला उभं राहायचंय. काय करू?

मालकांना कायदा माहीत नसेल तर हे पान दाखवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली, तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचं सदस्य होता येत नाही. राज्य सरकारच्या नोकरीसाठीही लहान कुटुंबाचा नियम २००५ पासून आहे. तिसऱ्या वेळी ‘आधी बघून घेऊ’ असं कुणी सुचवलं, तर तो गुन्हा आहे. आपल्या राज्याने गर्भलिंगतपासणीवर १९८८ मध्येच बंदी घातली, देशाचा कायदा १९९४ चा. शेतीचं म्हणाल, तर वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. हा धोशा तुमच्या मुली रोज ऐकतात. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं समजतं. जन्मालाही न आलेला भाऊ त्यांच्या पुढे जाऊन बसलाय. त्यांच्यादेखत हे बोलणं बंद करा, एवढं तरी आजच निक्षून सांगा. तुम्हाला तिसरं नको असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना गाठा. तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या, तांबी, सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

मी रत्नागिरीला आठवीत आहे. भाऊ पाचवीत. तो माझी कंपासपेटी मोडतो, वहीवर रेघोट्या मारतो. भांडण झालं की आई-बाबा म्हणतात, ‘तू मोठी ना, तू सोड.’ त्याचं जेवलेलं ताटही मीच उचलायचं. मी वाईट बहीण आहे का?

बाळा, तू अजिबात वाईट बहीण नाहीस. तुझ्यावर अन्याय होतोय आणि तुला तो दिसतोय, एवढंच. तेरा वर्षांची मुलगी मोठी नसते, आणि दहा वर्षांचा मुलगा ताट उचलता न येण्याइतका लहान नसतो.

भांडण चालू असताना आईशी बोलू नकोस, तेव्हा तिला फक्त आवाज थांबवायचा असतो. रविवारी दुपारी, घर शांत असताना दोन गोष्टी माग. एक, कुलूप लागेल असा एखादा खण, ज्याची किल्ली तुझ्याकडे राहील. दुसरी, ज्याचं ताट त्याने उचलायचं, बाबांनीसुद्धा. दहा मागण्या केल्यास तर एकही मिळणार नाही, म्हणून दोनच. भावाशी तुझं रोज पटलंच पाहिजे असं काही नाही. पण एखादी गोष्ट अशी असेल, कॅरम, सायकल, काहीही, जिथे तुम्ही दोघं खरंच हसता. ती भांडणाच्या रागात बंद पाडू नकोस.

आणि तिच्या आई-बाबांना : कंपासपेटी कोणी मोडली हे विचारा, मोठं कोण हे विचारू नका. ज्याने मोडली त्याच्या खाऊच्या पैशातून नवी आणा. मुलीला कुलूप मागावं लागतंय, याचं वाईट वाटून घेण्यापेक्षा ते या आठवड्यात बसवून द्या.