नोकरी, घर, बढती सगळं मिळालं, तरी आत पोकळी आहे. ख्रिस्ती श्रद्धेत अर्थ शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की बढती मिळाली, घराचे हप्ते फिटत आले, तरी आतून कोरडं वाटतं. बाप्तिस्मा लहानपणी झालाय, पण चर्चला जाणं नाताळ-ईस्टरपुरतं उरलंय, आणि आता नोकरी सोडून 'देवाचं काम' करावं का असा विचार येतो. नोकरीच्या प्रश्नाला आज हात लावू नका. आधी त्या कोरडेपणाकडे नीट बघा. ते बघण्याची एक पद्धत ख्रिस्ती परंपरेत जवळपास पाचशे वर्षं वापरात आहे.

ती सुरू झाली एका जखमी माणसाच्या अंथरुणावर. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोला या योद्ध्याचा पाय मोडला. पुढे येशूसंघ (जेझुइट) हा धर्मसंघ स्थापणारे ते हेच. हाड वाकडं जुळून बाहेर आलं, तेव्हा घट्ट बूट शोभावेत एवढ्यासाठी त्यांनी ते कापून घेतलं, तेही भूल नसलेल्या काळात. प्रतिष्ठेची ओढ एवढी होती! वाचायला मात्र ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथाच मिळाल्या. मग त्यांना एक फरक जाणवला. पराक्रमाची, एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी जिंकण्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण ती संपली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र थांबल्यावरही समाधान ठेवून जायचा. बढतीचा आनंद खोटा नसतो. तो ओसरल्यावर मागे काय उरलं, हे तपासायचं.

त्यासाठी रोज १५ मिनिटं पुरतात. रात्री जेवणानंतर खुर्चीत बसा, अंथरुणावर नको, तिथे झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी आजच्या दिवसातल्या दोन-तीन ठोस गोष्टींसाठी देवाचे आभार माना. 'सगळ्यासाठी आभार' असं मोघम नको, कारण मोघम कृतज्ञता दुसऱ्या आठवड्यात पाठ केलेलं वाक्य होते. मग स्वतःला खरं दिसावं म्हणून पवित्र आत्म्याची मदत मागा. त्यानंतर सकाळपासून तासातासाने दिवस आठवा: मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं, आणि कोणाशी बोलल्यावर? इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा, उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून संपवा.

यशस्वी माणसाची गाडी इथे हमखास एका ठिकाणी अडते. ऑफिसातल्या वार्षिक मूल्यमापनाची सवय असल्यामुळे तो या प्रार्थनेतही स्वतःला गुण देऊ लागतो. महिन्याभरात ती अपराधांची यादी होते आणि सुटते. म्हणून आभार पहिल्यांदा, क्षमा नंतर. हा क्रम बदलू नका.

सकाळी २० मिनिटं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचा. सुरुवातीला तीन श्रीमंत माणसं घ्या आणि प्रत्येकावर एक आठवडा थांबा. लूक १२:१३-२१ मधला कोठारं वाढवणारा शेतकरी संपूर्ण उताऱ्यात फक्त स्वतःशीच बोलतो, दुसरा माणूसच त्याच्या हिशेबात नाही. मार्क १०:१७-३१ मधल्या माणसाला येशू सगळं विकायला सांगतो, पण त्याआधी त्याच्याकडे प्रेमाने बघतो. लूक १९:१-१० मधला जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो, फसवलेल्यांना चौपट परत करायचं म्हणतो, आणि त्याला जकातीचं काम सोड असं कोणी सांगत नाही. तिघांना एकच आज्ञा नाही. 'श्रद्धा म्हणजे राजीनामा' हा निष्कर्ष शुभवर्तमानातून निघत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात 'दोन ध्वज' नावाचं चिंतन आहे. त्यात मोहाच्या पायऱ्या दिल्या आहेत: आधी धन, त्यातून मान, मानातून गर्व. तुमचा पाय कोणत्या पायरीवर आहे ते बघा. बहुतेकदा पैसा सोडणं जमतं, मान सोडणं जमत नाही. म्हणूनच काही जण ऑफिसातली खुर्ची सोडतात आणि चर्चच्या समितीतल्या खुर्चीसाठी तितकेच झगडतात. सेवा करायची तर पहिलं वर्ष नाव न येणारी करा: आजाऱ्याला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला नेणं, एखाद्या मुलाला गणित शिकवणं. दानही तसंच. पगार जमा झाला की ठरलेली रक्कम आधी बाजूला काढा, महिनाअखेरी काही उरत नाही. आणि कोणाला सांगू नका. मत्तय ६:३-४ मध्ये हेच आहे.

'श्रद्धा ठेवा म्हणजे धंदा वाढेल' असं शिकवणाऱ्या सभांपासून दूर राहा. तिथे देव त्याच जुन्या यशाचं साधन होतो, आणि धंदा बुडाला की श्रद्धाही बुडते.

आता नोकरी. इग्नेशियसचा नियम स्पष्ट आहे: मन उदास, कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. शांत काळात राहण्याची आणि सोडण्याची कारणं वेगवेगळी लिहा. तुमच्याच परिस्थितीतल्या एका अनोळखी माणसाला काय सांगाल, आणि मृत्युशय्येवर कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल, हेही लिहा. पती किंवा पत्नीला कागद दाखवा. घाई नको. पुढे धर्मप्रसारक म्हणून भारतात आलेले संत फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये १५२९ पासून इग्नेशियसबरोबर एका खोलीत राहत होते, व्रत घेतलं १५३४ मध्ये, गोव्यात पोहोचले १५४२ मध्ये. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली १९१७ मध्ये.

एकट्याने फार पुढे जाऊ नका. धर्मगुरू, पाळक किंवा प्रार्थनेत मुरलेली एखादी सिस्टर गाठून महिन्यातून एकदा तासभर बोला. सल्ल्याची अपेक्षा कमी ठेवा, रोज रात्री दिवस आठवताना काय पुन्हा पुन्हा येतंय ते सांगा. इग्नेशियसच्या 'आध्यात्मिक साधना' पुस्तकातली पूर्ण साधना ३० दिवसांची असते. नोकरदारांसाठी त्याच पुस्तकात रोज दीड तास काढून घरीच करायची सोय आहे, आणि येशूसंघीयांच्या केंद्रांत आठ दिवसांची साधनाही होते. पण रोजच्या १५ मिनिटांचा सराव काही महिने टिकला की मगच तिकडे वळा.

झोप उडाली असेल, भूक मेली असेल, सकाळी उठवत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्याचा उपचार घेत असतानाही प्रार्थना चालू ठेवता येते.