परीक्षा देशाची, लायसन्स राज्याचं

मार्चमधल्या एका शनिवारी बापलेक माझ्यासमोर येऊन बसले. मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात डीपीटीच्या, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी या फिजिओथेरपीतल्या पदवीच्या, शेवटच्या सत्रात होती. आईवडिलांचं घर न्यू जर्सीत. नोकरीचं पत्र मात्र टेक्सासमधल्या डॅलसच्या क्लिनिकचं, कारण लग्न ठरलेला मुलगा तिथला. प्रश्न तिने वहीत लिहूनच आणला होता.

"काकू, लायसन्स नेमकं कुठलं घ्यायचं? शिकले तिथलं, राहते तिथलं, की जाणार तिथलं? आणि राज्य बदललं की परीक्षा पुन्हा द्यायची का?"

दर वर्षी पदवीचे दिवस जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. (ओळख पटू नये म्हणून या दोघांचे काही तपशील मी बदलले आहेत.)

पहिलं उत्तर सोपं होतं, आणि ते ऐकून तिचे खांदे खाली आले. एनपीटीई, म्हणजे फिजिकल थेरपिस्टचं लायसन्स मिळवण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, साऱ्या देशाची एकच असते. लायसन्स देणाऱ्या राज्यांच्या बोर्डांचा महासंघ, एफएसबीपीटी, ती घेतो. उत्तीर्ण व्हायला २०० ते ८०० च्या मापावर ६०० गुण लागतात. नोंदणी टेक्सासच्या नावाने केली तरी न्यू जर्सीतल्या प्रोमेट्रिक या कंपनीच्या परीक्षाकेंद्रात बसता येतं. एकदा पास झालं की ते गुण तिचे झाले. पुढे दुसऱ्या राज्याला हवे असतील तर शुल्क भरून महासंघाकडून पाठवता येतात. ज्या राज्यात शिकलो तिथलं लायसन्स आधी घ्यायलाच हवं असं काही नाही. लायसन्स म्हणजे त्या त्या राज्याने आपल्या हद्दीत रुग्णावर उपचार करायला दिलेली परवानगी. त्यामुळे अर्ज काम करणार त्या राज्यात करायचा.

"मग न्यूयॉर्क सोडूनच द्यायचं?"

"तिथे काम करणार आहेस का?"

"नाही."

"मग कशाला हवं?"

वडील इतका वेळ गप्प होते. आता त्यांनी फोनवर जपून ठेवलेलं एक पान उघडलं. "ताई, हे कॉम्पॅक्टचं काय? हिने जर्सीचं लायसन्स घ्यावं आणि कॉम्पॅक्टवर टेक्सासमध्ये काम करावं. एका लायसन्समध्ये दोन राज्यं होतील."

त्यांचा अभ्यास पक्का होता. फिजिकल थेरपीचा आंतरराज्य करार, ज्याला सगळे पीटी कॉम्पॅक्ट म्हणतात, २०१८ पासून प्रत्यक्ष परवाने देतो आहे. न्यू जर्सी त्यात आहे, टेक्सासही आहे, न्यूयॉर्क नाही. कागदावर बघितलं तर वडिलांचा मार्ग बरोबरच होता. पण कॉम्पॅक्टची सगळी मांडणी एका शब्दावर उभी आहे: गृहराज्य. तुमचं कायमचं वास्तव्य जिथे, ड्रायव्हिंग लायसन्स जिथलं, ते तुमचं गृहराज्य. तिथलं चालू लायसन्स हातात असेल तरच बाकीच्या सदस्य राज्यांत काम करण्याचा हक्क विकत घेता येतो. मुलगी जूनमध्ये सामान हलवणार, टेक्सासमध्ये भाड्याचं घर घेणार, गाडीचं लायसन्सही बदलणार. त्या दिवशी तिचं गृहराज्य बदलतं आणि जर्सीच्या पायावर उभा केलेला टेक्सासचा हक्क डळमळतो. मग ऐन नोकरीत असताना टेक्सासचा अर्ज पहिल्यापासून. महिनाभरासाठी तिकडे काम करून परत यायचं असतं, तर मीच तिला कॉम्पॅक्ट सुचवलं असतं. ही मात्र संसार मांडायला निघाली होती.

मी हे समजावलं. वडिलांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त शब्द वेगळे. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा मी मुलीला म्हटलं, "जरा बाहेर जाऊन तुझ्या पदवीची तारीख विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारून घे." ती बाहेर गेली.

"तुम्हाला कसली काळजी आहे?" मी विचारलं.

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण देव न करो, काही झालंच, तर हिला घरी यायचा रस्ता असावा. हातात जर्सीचं लायसन्स असलं तर उद्या इथे येऊन उभी राहील."

गेला अर्धा तास मी नियम समजावत होते आणि ते माझ्याकडे लेकीसाठी एक दार उघडं ठेवता येईल का, एवढंच विचारत होते. ते आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्यांना सांगितलं की ते दार बंद होतच नाही. एनपीटीईचे गुण तिचेच राहणार. टेक्सासचं लायसन्स हातात असताना न्यू जर्सीने मागितलेले कागद आणि शुल्क भरून तिथलं लायसन्स तिला पुढेही मागता येईल, पुन्हा एनपीटीई न देता. आज दोन्हीकडे अर्ज केले तर दोन्हीकडचं शुल्क, दोन्हीकडची नूतनीकरणं आणि अंगावर कर्ज असलेली मुलगी. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे नंतर मिळतं," ते म्हणाले. त्यानंतर कॉम्पॅक्टचा विषय त्यांनी काढला नाही.

मुलगी परत आल्यावर आम्ही टेक्सासची यादी काढली. बोर्डाकडे अर्ज, विद्यापीठाकडून पदवीचा पुरावा, पार्श्वभूमी तपासणीसाठी बोटांचे ठसे, एनपीटीईचे गुण आणि टेक्सास जॅम, म्हणजे त्या राज्याच्या कायद्यावरची परीक्षा. जॅमला मुलं उगाच घाबरतात. घरी बसून, नियमांचं पुस्तक उघडं ठेवून ती देता येते. पण ती मनापासून वाचून द्यावी असं मला वाटतं. फिजिकल थेरपी असिस्टंटवर देखरेख कशी ठेवायची, नोंदी कशा करायच्या हे राज्याराज्यांत वेगळं असतं आणि "आमच्याकडे असं करायचे" हे कारण कुठलंही बोर्ड ऐकून घेत नाही.

आम्ही अडकलो ते भलत्याच ठिकाणी, नावापाशी. तिचा जन्म नाशिकचा. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पासपोर्टावर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवरही तसंच. विद्यापीठात मात्र नुसतं नाव आणि आडनाव, आणि परीक्षेच्या खात्यातही तेच. प्रोमेट्रिकच्या दारात ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. त्यात सासरचं आडनाव लावायचं ठरत होतं, कोर्टातलं लग्न जूनमध्ये. मी तिला स्पष्ट सांगितलं, "लग्न कर, आडनावाला हात लावू नकोस. लायसन्सचा नंबर येईपर्यंत सगळ्या कागदांवर एकच नाव." सासूबाईंना काय वाटेल, ही तिची शंका. "त्यांना कारण सांग. सून परीक्षाकेंद्राच्या दारातून परत आलेली त्यांनाही आवडणार नाही." तिने त्याच संध्याकाळी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, आधी लायसन्स.

क्लिनिकला ती १ ऑगस्टला रुजू होते असं कळवायला निघाली होती, ते मी थांबवलं. परीक्षा वर्षातून चारदाच असते, ठरलेल्या तारखांना. तिची जुलैच्या शेवटाकडे होती, निकाल त्यानंतर आठवड्याभराने. मग बोर्डाचा वेळ. "लायसन्स मिळाल्यापासून दोन आठवड्यांनी रुजू होईन" असं लिही, म्हटलं. नोकरी देणाऱ्यांना हे वाक्य नवीन नसतं. जीव मुठीत धरून ती मेल लिहीत होती. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं: चालेल.

जाता जाता इथे सांगते, कारण भारतातून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून आलेले बरेच जण या गोष्टीत स्वतःला शोधतील. तुमची वाट वेगळी आहे. तुमच्या अभ्यासक्रमाचं अमेरिकन अभ्यासक्रमाशी मूल्यमापन करून घ्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षाही असते आणि काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, मागतात. तेव्हा राज्य निवडण्याआधी त्या बोर्डाचे नियम वाचणं हेच तुमचं पहिलं काम.

ती पहिल्या प्रयत्नात पास झाली. तरीही लायसन्सला उशीर झाला, कारण विद्यापीठाच्या कार्यालयाने पदवीचा पुरावा पाठवलाच नव्हता, आणि "पाठवलाय" या उत्तरावर तिने विश्वास ठेवला होता. नाशिकची आजी रोज फोनवर विचारायची, "पास झालीस ना, मग घरी कशी?" तीन आठवडे ती डॅलसच्या घरात खोकी उघडत बसली. तिला मी एवढंच काम दिलं होतं, दर सोमवारी विद्यापीठ आणि बोर्ड, दोन्हीकडे फोन, आणि बोललं त्याची तारीख वहीत.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. टेक्सास बोर्डाच्या संकेतस्थळावर कोणाचंही लायसन्स नाव टाकून बघता येतं, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. ते रोज बघत होते.

"ताई, आलं," ते म्हणाले. "तिला अजून माहीत नाही. तिकडे सहा वाजलेत, झोपली असेल. उठवू का?"