प्रॉडक्ट डिझाइनच्या पोर्टफोलिओत तीनच प्रोजेक्ट असतील तर चालेल का, आणि स्वतःबद्दल काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की शेवटचं वर्ष चालू आहे, पोर्टफोलिओ करायला घेतलाय, धड म्हणावेत असे तीनच प्रोजेक्ट आहेत आणि वर्गातले बाकीचे आठ-दहा टाकतायत. मग बॅकग्राउंडमध्ये काय लिहायचं, स्किल्स कशी दाखवायची आणि तीन कमी पडतील का. मी हेच शिकून बाहेर पडले त्याला सहा वर्षं झाली, आता घरगुती वस्तू आणि छोट्या उपकरणांच्या बॉडीचं काम करते, आणि गेली दोन वर्षं ज्युनिअर घेताना आलेले पोर्टफोलिओ आधी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते. तीन पुरतात. एक पूर्ण तडीस नेलेला आणि दोन अर्धे असले तरी पुरतात, फक्त तो एक असा मांडायला हवा की वाचणाऱ्याला तुमचा प्रत्येक निर्णय आणि त्यामागचं कारण दिसलं पाहिजे.

आधी एक गोष्ट, कारण यात खूप जण अडकतात. हल्ली प्रॉडक्ट डिझायनर म्हटलं की बऱ्याच कंपन्यांना ॲपची स्क्रीन डिझाइन करणारा हवा असतो, फिगमा वगैरे सॉफ्टवेअर वापरणारा. तुम्ही हाताळायच्या वस्तू करत असाल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, म्हणजे चुकीच्या ठिकाणी मुलाखतीला जाऊन दोघांचाही वेळ जाणार नाही. दोन्ही येत असेल तर उत्तमच, पण मग दोन वेगळे पोर्टफोलिओ करा.

आता माझाच एक प्रोजेक्ट सांगते, कारण मला पहिली नोकरी त्याच्यावर मिळाली. विषय होता घरातली एक वस्तू घेऊन ती नव्याने करायची. मी घेतला आठवड्याचा गोळ्यांचा डबा, सात खणांचा, प्रत्येक वाराचं वेगळं झाकण. आजीला संधिवात होता, बोटांची पेरं सुजायची, आणि तिला ती झाकणं उघडताना मी रोज बघायचे. सुरुवातीला मी काय केलं तर छान गोलसर आकारांची वीस-पंचवीस स्केचेस काढली, रंग भरले, सरांना दाखवली. सरांनी एवढंच विचारलं, यातलं कुठलं आजीला उघडता येईल आणि तुला कसं कळलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी सहा वयस्कर माणसांकडे जाऊन बसले, प्रश्न विचारण्यापेक्षा नुसतं बघितलं. नख घालून झाकण उचलणारं त्यांच्यात कुणीच नव्हतं, आणि बाजारातले बरेच डबे नखानेच उघडावे लागतात. एक काका चमच्याचं टोक वापरायचे. एका काकूंनी तर झाकण अडकवून ठेवणारा खटका कात्रीने कापूनच टाकला होता, उघडायला सोपं झालं पण डबा पर्समध्ये ठेवला की गोळ्या सांडायच्या, म्हणून त्यावर रबरबँड. तो रबरबँड बघितला आणि मला माझा प्रोजेक्ट मिळाला, म्हणजे उघडायला हलकं हवं पण आपोआप उघडता कामा नये, या दोन्ही गोष्टी एकाच खटक्याकडून हव्यात. तो कापलेल्या झाकणाचा फोटो माझ्या पोर्टफोलिओत आजही पहिल्या पानावर आहे, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं चकचकीत चित्र, नाही.

खटका म्हणजे प्लास्टिकची एक छोटी पट्टी, एका बाजूने धरलेली, दाबली की वाकते. तिला वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो आणि लांबी वाढवली की त्याच हिशोबाने कमी होतो. माझी पट्टी १.५ मिमी जाड आणि ८ मिमी लांब होती. जाडी १.२ वर आणली तर जोर जवळजवळ निम्मा झाला, लांबी १० मिमी केली तर परत निम्मा, म्हणजे दोन्ही मिळून पाव. हे वर्गात शिकवलेलं होतंच, पण वहीतला फॉर्म्युला अंगठ्याला जाणवतो तेव्हा वेगळीच मजा येते. आणि मग नेमकं व्हायचं तेच झालं, झाकण इतकं हलकं झालं की डबा टेबलावरून पडला की सगळे खण उघडायचे.

त्यात थ्रीडी प्रिंटिंगने, म्हणजे प्लास्टिकच्या थरावर थर देत वस्तू बनवण्याने, वेगळाच गोंधळ घातला. पहिले दोन-तीन खटके बुडातून तुटले, मला वाटलं माझं डिझाइनच चुकलंय. वर्कशॉपमधल्या मामांनी तुटलेला तुकडा हातात घेऊन दाखवला की बघ, थराथरातून सुटलंय, तू पट्टी उभी ठेवून प्रिंट केलीस, त्यामुळे वाकताना थर एकमेकांपासून ओढले जातात, आडवी करून काढ. आडवी काढली, बुडाशी टोकदार कोपरा होता तिथे छोटी गोलाई दिली, आणि तुटणं थांबलं. आता कुणाच्याही पोर्टफोलिओत खटका दिसला की मी आधी त्याच्या बुडाशी गोलाई आहे का ते बघते.

शेवटी उपाय खटक्याची ताकद कमी-जास्त करण्यात नव्हताच. मी दिशा बदलली. नखाने वर उचलायच्या ऐवजी अंगठ्याच्या गादीने खाली दाबायचं रुंद बटण केलं, कारण सुजलेल्या बोटांना चिमटीत धरणं जमत नाही पण दाबणं जमतं, अगदी मनगटाच्या बाजूनेही दाबता येतं. खटका परत थोडा कडक केला आणि बटणाभोवती उंच कड ठेवली म्हणजे पर्समधल्या किल्ल्यांनी ते दाबलं जाणार नाही. एकूण ११ मॉडेल झाली. जेम्स डायसनने व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत ५१२७ प्रोटोटाइप केले होते, त्यापुढे ११ काहीच नाहीत, पण विद्यार्थ्याच्या एका सेमिस्टरला ते पुष्कळ आहेत आणि त्या अकराही मॉडेलांचा एका ओळीत ठेवून काढलेला फोटो मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ बघितला गेला.

एक उणीवही राहिली होती आणि ती मी लपवली नाही. परीक्षेला आलेल्या बाईंनी विचारलं, आजीला सोपं म्हणजे नातवालाही सोपं, मग काय? मी तो विचारच केला नव्हता. मुलांपासून सुरक्षित झाकणांची चाचणी घेतात तेव्हा लहान मुलं आणि वयस्कर माणसं, दोघांनाही झाकण उघडायला देतात, मुलांना उघडता येऊ नये आणि मोठ्यांना यावं. माझा डबा त्यातल्या एकाच परीक्षेत पास झाला असता. शेवटच्या पानावर मी हे सरळ लिहिलं आणि पुढे काय करून बघेन त्याचं एक स्केच टाकलं. नोकरीच्या मुलाखतीत अर्धा तास आम्ही त्या पानावरच बोललो.

१९९० साली ऑक्सो या कंपनीच्या गुड ग्रिप्स मालिकेतलं भाजीचं सोलाणं आलं त्याची गोष्टही अशीच आहे. कंपनी काढणाऱ्या सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता, साधं सोलाणं धरताना हात दुखायचा, त्यातून ती जाड मऊ रबरी मूठ आली, आणि मग ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनाही तीच आवडली. म्हणून तुमच्या तीन प्रोजेक्टपैकी एक तरी असा असू द्या ज्यात समोर खरा माणूस आहे आणि त्याची खरी अडचण आहे. भविष्यातली उडती सायकल सुंदर दिसते, पण ती कुणी धरून बघितलेली नसते.

आता बॅकग्राउंड. इथे 'मला लहानपणापासून सर्जनशीलतेची आवड' असं प्रत्येक जण लिहितो आणि त्यातून काहीच कळत नाही. कशातून आलात ते लिहा. इंजिनिअरिंग करून आलात, चित्रकला करून आलात, घरी सुतारकाम बघत वाढलात, शिवणकाम येतं, काहीही. शिवणाऱ्या माणसाला सपाट कापडातून आकार कसा उभा राहतो ते हाताने माहीत असतं, त्याला पत्रा वाकवून करायच्या वस्तूचा सपाट नकाशा फार लवकर समजतो, मी हे माझ्याबरोबरच्या मुलीत बघितलंय. तीन-चार ओळी पुरे, पण त्या तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाहीत अशा हव्यात.

स्किल्सचे ते ठिपके आणि पट्ट्या कृपा करून काढून टाका. सॉलिडवर्क्स हे थ्रीडी सॉफ्टवेअर ८० टक्के येतं म्हणजे नक्की काय? त्यापेक्षा प्रोजेक्टच्या पानावरच लहान अक्षरात लिहा की हे सरफेस राइनोमध्ये केलं, असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये, रेंडर कीशॉटमध्ये, मॉडेल फोममधून करवत आणि कानशीने. वाचणाऱ्याला समोर पुरावा दिसतो. स्केचिंग कच्चं असेल तर घाबरू नका, सुंदर नाही पण कळणारं स्केच हवं, बाण काढून लिहिलेलं, कुठे दाबायचं, कुठे उघडतं, आत काय आहे. माझी मार्कर रेंडरिंग आजही बेतास बात आहे आणि त्यावाचून माझं काम कधी अडलं नाही. पण फोमचं मॉडेल हाताने करता येत नसेल तर ते मात्र आधी शिका, कारण स्क्रीनवर मूठ ५० मिमीची की ३५ची हे डोळ्याला समजत नाही, हातात धरलं की सेकंदात समजतं.

वस्तू बनते कशी हे माहीत असणं हे स्किल मात्र मी सगळ्यात वर ठेवेन. मला ते इंटर्नशिपमध्ये उमगलं. एका छोट्या उपकरणाचं कव्हर केलं होतं, फाइल मोल्ड, म्हणजे प्लास्टिक ओतायचा साचा, बनवणाऱ्यांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, लाल खुणांनी भरलेली. सगळ्या भिंती अगदी काटकोनात सरळ उभ्या होत्या, म्हणजे भाग मोल्डमधून सुटणारच नाही, त्याला साधारण एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो ज्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि वर खरखरीत टेक्स्चर हवं असेल तर अजून जास्त. आतल्या रिब्ज, म्हणजे भिंतीला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या, मी भिंतीइतक्याच जाड केल्या होत्या. त्या साधारण निम्म्या जाडीच्या हव्यात, नाहीतर तिथलं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि बाहेरच्या चकचकीत बाजूला खड्डा दिसतो. ते मोल्डवाले काका अर्धा दिवस माझ्याबरोबर बसले आणि एकेक खूण समजावून सांगितली, कॉलेजमध्ये हे सगळं ऐकलं होतं पण त्या दिवसानंतर ड्राफ्टशिवाय भिंत काढायला माझा हातच धजत नाही. तुमच्या एका प्रोजेक्टमध्ये तरी हे पान टाका: भिंत किती जाड, मटेरियल कुठलं आणि का, मोल्ड कुठून उघडेल, किती भाग, ते कसे जोडले. फार कमी विद्यार्थी हे पान टाकतात, त्यामुळे ते लगेच डोळ्यात भरतं.

ग्रुप प्रोजेक्ट टाकावा का असंही तुम्ही विचारलंय. टाका, पण तुमचा वाटा सांगा. आम्ही चौघांनी साफसफाई करणाऱ्या कामगारांसाठी बादलीची ट्रॉली केली होती. मी त्यात मूठ आणि उंची एवढंच बघितलं होतं आणि तेवढंच लिहिलं. १२ लिटरची बादली म्हणजे १२ किलो पाणी, ते दिवसात कितीदा तरी वाकून उचलायचं, आणि तारेची बारीक कडी बोटात रुतते. मुठीचा व्यास ३०-४० मिमीच्या आसपास ठेवला, उंची ठरवताना पाचव्या पर्सेंटाइलच्या बाईपासून (शंभरातल्या साधारण पाचच बायका तिच्याहून बुटक्या) पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलच्या पुरुषापर्यंतचे (शंभरातले साधारण पाचच पुरुष त्याच्याहून उंच) आकडे घेतले आणि मग लक्षात आलं की आम्ही ज्यांच्यासाठी करतोय त्या जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, म्हणून वरची मर्यादा खाली आणली. हा एक निर्णय माझा होता. बाकीच्या तिघांची नावं आणि कामं त्याच पानावर लिहिली.

तुमच्या तीनपैकी जो अर्धवट वाटतो तोही टाका, दोन पानांत, कुठे थांबला आणि का ते लिहून. आणि मॉडेल घरी पडून असतील तर आत्ताच बाहेर काढा, एकेकाचे फोटो खिडकीशेजारी दिवसाच्या उजेडात घ्या, पांढऱ्या कागदावर, आणि निदान एका फोटोत वस्तू कुणाच्या तरी हातात असू द्या, म्हणजे तिचा आकार किती ते कळतं. तुटलेली मॉडेलसुद्धा. माझ्याकडचे ते पहिले तीन तुटके खटके मी एका डबीत जपून ठेवलेत आणि नवीन ज्युनिअर आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात देते.