अर्धा पगार घरबसल्या?

प्रश्न : भाच्याला बुटीबोरीच्या कारखान्यातून कमी केलं. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) अटल योजनेत काम सुटलेल्याला अर्धा पगार मिळतो म्हणे. मग बारा हजारांची नोकरी तो कशाला धरेल? – एक मावशी, महाल

उत्तर : मावशी, मिळतो, पण जास्तीत जास्त 90 दिवस. 2018 मध्ये पावच होता, 2020 मध्ये अर्धा झाला. अठरा हजारवाल्याच्या हाती नऊ हजार; त्यात खोलीभाडं, किराणा. आळसाला उरतं काय? हिंगण्यात माझं काम सुटलं, तेव्हा तिसऱ्याच दिवशी निम्म्या पगारावर गोदामात पोती मोजायला लागलो न् चार वर्षं तिथंच अडकलो. वेल्डिंगचं सर्टिफिकेट पेटीत पिवळं पडलं. दोन महिन्यांचा आधार असता, तर थांबलो असतो. पोराला अर्ज भरू द्या, टोमणे नंतर मारा.