वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेतले प्राणी आणि त्यांची नीतिसमिती

प्रश्न : मी वकील आहे. उपनगरातल्या एका फार्मसी कॉलेजने मला त्यांच्या प्राणी नीतिसमितीवर ‘बिगर-वैज्ञानिक सदस्य’ म्हणून बोलावलं आहे. मला विज्ञान कळत नाही. तिथे जाऊन मी नेमकं काय पाहायचं? (वाचक, दादर)

जरूर जा. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे 1998 चे नियम यांनी ही जागा मुद्दाम ठेवली आहे. समितीत संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि प्राणिगृहाचे प्रमुख असतात. त्यांच्यासोबत बाहेरचा एक शास्त्रज्ञ, तुमच्यासारखी एक सामाजिक भान असलेली व्यक्ती आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी बसतो. हा प्रतिनिधी हजर नसेल तर बैठकीत प्रस्ताव मंजूर करता येत नाहीत, एवढं आधी लक्षात ठेवा.

प्रत्येक प्रस्ताव ‘फॉर्म बी’ या ठरलेल्या अर्जावर येतो. त्यातला प्राण्यांच्या संख्येचा रकाना आधी उघडा, कारण तिथे फक्त वजाबाकी लागते. आपल्याकडे ‘प्रत्येक गटात सहा’ हा आकडा सवयीने लिहिला जातो. एकूण प्राण्यांमधून गटांची संख्या वजा करा. उत्तर 10 ते 20 च्या दरम्यान असावं. चार गटांत सहा-सहा म्हणजे 24 प्राणी. 24 वजा 4 म्हणजे 20, हे बसतं. सात गटांत सहा-सहा म्हणजे 42. वजा 7 केले की 35 उरतात. प्रत्येक डोसला एक वेगळा गट लागतो, तेव्हा विचारा : औषधाचे तीन डोस कशाला, दोन का नकोत? हे गणित ढोबळ आहे. आधीच्या कामातले आकडे हाताशी असतील तर संशोधकाकडे किती प्राणी पुरेत हे संख्याशास्त्राने काढणारं रीतसर पॉवर अ‍ॅनालिसिस मागा. मात्र संख्या फार कमी असणंही वाईटच. ज्या प्रयोगातून काहीच सिद्ध होणार नाही, त्यात गेलेले सगळेच प्राणी फुकट जातात.

मग प्रयोग कुठे थांबणार ते वाचा. ‘प्राणी मरेपर्यंत निरीक्षण’ असं लिहिलं असेल तर प्रस्ताव परत पाठवायला सांगा. वजन 20 टक्क्यांनी घटलं, खाणं-पिणं सुटलं, उठता येईना, यांपैकी कोणत्या खुणेवर प्राण्याला वेदनेतून मोकळं करायचं हे आधीच ठरलेलं हवं. ती खूण कोण बघणार, हेही विचारा. रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत पिंजऱ्यांकडे कोण फिरकतं, याचं उत्तर नावानिशी मागा. इथेच सर्वाधिक हयगय होते.

मारण्याच्या पद्धतीत ‘ईथर’ दिसलं तर हरकत घ्या. त्याने श्वासनलिकेची आग होते आणि ते स्फोटकही आहे. कार्बन डायऑक्साइड वापरणार असतील तर तो सिलिंडरमधूनच हवा, आणि डबा आधी भरून ठेवलेला नको. वायू मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के या वेगाने सोडतात. मृत्यूची खात्री दुसऱ्या पद्धतीने करून घेणं आवश्यक आहे. फक्त हालचाल थांबली म्हणून प्राणी मेला असं होत नाही.

आणि प्राणिगृह जुलैत बघा. तापमान 18 ते 29 अंश, आर्द्रता 30 ते 70 टक्के, तासाला 12 ते 15 वेळा हवा बदलणं ही अपेक्षा आहे. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता 70 च्या आत ठेवायची तर ती यंत्राने ओढून काढावी लागते. खिडकीतला एसी पुरा पडत नाही. पिंजऱ्यातलं बेडिंग (खाली अंथरलेला भुसा) ओलं राहतं, मूत्रातून अमोनिया सुटतो, प्राण्यांची फुप्फुसं बिघडतात. भिंतीला टेकवलेल्या खाद्याच्या पोत्यात बुरशी धरते. दारात पाऊल टाकताच नाकाला झोंबलं तर तापमान-आर्द्रतेची वही मागा, आणि रात्रीच्या नोंदी बघा. दिवसाच्या नोंदी सगळीकडे नीटच असतात.

पिंजराही मोजा. 200 ग्रॅमपर्यंतच्या रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) किमान 148.3 चौरस सेंटिमीटर जागा लागते, 300 ते 400 ग्रॅमच्या रॅटला 258. नव्वद दिवसांच्या प्रयोगात पाच रॅट 742 चौ.सें.मी.च्या पिंजऱ्यात सुरुवातीला बसतात. वाढल्यावर त्यांना 1290 लागतात, पण पिंजरा कुणी बदलत नाही.

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमध्ये पांढरे उंदीर स्वस्त मिळतात. एम.फार्म.च्या प्रयोगासाठी ते घेतले तर चालतील? (विद्यार्थिनी, कांदिवली)

नाही. प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यायचे असतात आणि त्यांची नोंद ठेवावी लागते. शिवाय दुकानातल्या उंदराचं वय, वाण, आजार यांपैकी काहीच माहीत नसतं. मायकोप्लाझ्मा या फुप्फुसांच्या जिवाणूसारखा संसर्ग अंगात दबलेला असतो. प्रयोगाचा ताण आला की उफाळतो आणि खोलीतल्या इतरांच्या जुन्या प्रयोगांचंही वाटोळं होतं. अधिकृत ठिकाणाहून आणलेले प्राणीही किमान आठवडाभर वेगळे ठेवायचे असतात.

तुमचे मार्गदर्शक एलडी50 (निम्मे प्राणी मरतील असा डोस) काढायला सांगत असतील तर त्यांना नम्रपणे सांगा, की चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती जुनी 401 क्रमांकाची पद्धत 2002 मध्येच रद्द झाली. तिच्या 423 क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात. 5, 50, 300, 2000 मिलिग्रॅम प्रति किलो हे ठरलेले डोस आहेत आणि निरीक्षण 14 दिवस चालतं.

प्रश्न : दम्यावरच्या वनौषधीची चाचणी गिनीपिग न मारता करता येईल का? (प्राध्यापक, ठाणे)

पहिली चाळणी तरी नक्कीच. देवनारच्या कत्तलखान्यात बकऱ्याची श्वासनलिका मिळते. प्राणी खाण्यासाठी कापलेला असतो, प्रयोगासाठी नाही. तरीही समितीला लेखी कळवून ठेवा. नलिका कापल्याबरोबर थंड क्रेब्स द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) बुडवा. कड्या कापून, त्या एकमेकींना बांधून साखळी करा. ऑर्गन बाथमध्ये (ऊती द्रावणात टांगून ठेवायच्या भांड्यात) 37 अंशांवर हवेचे बुडबुडे सोडत साधारण 45 मिनिटं स्थिरावू द्या, मधूनमधून द्रावण बदला. मग श्वासनलिका आकसवणारं हिस्टामिन द्या, आणि तुमच्या अर्काने आकुंचन किती कमी होतं ते मोजा.

फसतं ते बहुतेक वाटेतच. कोरड्या पिशवीत, दुपारच्या वाहतुकीतून आणलेली नलिका हिस्टामिनला प्रतिसादच देत नाही. चरबी काढताना ती ताणली तरी स्नायू निकामी होतो. म्हणून थर्मास आणि द्रावण घेऊन पहाटे जा. अर्क गाळलेला हवा आणि त्याचा पीएच जुळवलेला हवा. आम्ल अर्काचा परिणाम औषधाचा म्हणून छापला गेल्याची भीती अशा कामात नेहमी असते. अर्काशिवाय नुसत्या द्रावकाची चाचणीही सोबत घ्या.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. प्राणिशास्त्राला आहे. त्याला विच्छेदन करावंच लागेल का? त्याला ते सहन होत नाही. (पालक, बोरिवली)

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्येच प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन बंद करायला सांगितलं. त्याआधीपासून कायद्याचं कलम 17 आहेच : पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्राणी टाळायचा, आणि निव्वळ हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग करायचा नाही. मुलाने विभागप्रमुखांना या दोन्हींचा उल्लेख करून अर्ज द्यावा, पोचपावती घ्यावी, आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी प्रतिकृती किंवा संगणकावरचा पर्याय त्याच अर्जात मागावा.