मॅच लावली की चित्र फाटतं, मोठा प्लॅन घेऊ का?

प्रश्न: आमच्याकडे ४० एमबीपीएसचं फायबर इंटरनेट आहे. टीव्हीवर मालिका एकदम स्वच्छ दिसतात पण क्रिकेट लावलं की हिरवळीवर चौकोन चौकोन येतात. आमचे हे म्हणतात सरळ १०० चा प्लॅन घेऊन टाकू. घ्यायचा का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, घाई नका करू, ४० तुम्हाला पुरून उरतात. फुल एचडीच्या एका चित्रात २० लाखांवर ठिपके असतात, सेकंदाला २५ चित्रं धरली तरी न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) पाठवायचं तर ६०० एमबीपीएसहून जास्त लागतील, आणि तुमच्या टीव्हीपर्यंत ते येतं साधारण ५ ते ८ मध्ये. कारण अख्खं चित्र अधूनमधूनच पाठवतात, मधे फक्त काय हललं, काय बदललं तेवढंच. मालिकेत सासूबाई सोफ्यावर बसून बोलतायत, मागची भिंत, पडदे सगळं जागच्या जागी, त्यामुळे थोड्या डेटात पण चित्र सुरेख येतं. पण होळकर स्टेडियमवर कोणी चौकार मारला की कॅमेरा चेंडूमागे धावतो, गवत, बोर्ड, गॅलरीतली हजारो माणसं, सगळं एकदम सरकतं, ते ठरलेल्या डेटात मावत नाही मग बारीकसारीक गाळलं जातं आणि चौकोन दिसतात.

आता मॅच बघताना एवढं नीट बघा. कॅमेरा थांबला की चौकोन लगेच जात असतील तर कसर पाठवणाऱ्याकडची, म्हणजे चॅनेल किंवा अ‍ॅपवाल्यांची आहे, १०० काय ३०० चा प्लॅन घेतलात तरी तेच दिसणार. पण चित्र मिनिट मिनिटभर धुरकट राहत असेल किंवा मधेच चक्र फिरत असेल तर टीव्हीपर्यंत स्पीड पोचत नाहीये, आणि फायबर असलेल्या घरात हे बहुतेक वाय-फायमुळेच होतं. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राऊटरांची गर्दी असते. टीव्ही ५ गिगाहर्ट्झला जोडा, राऊटर लांब असेल तर राऊटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची केबलच टाका, तेच सगळ्यात उत्तम.

पुढे फोर-के टीव्ही घेतलात तर त्याला एकट्याला १५ ते २५ एमबीपीएस धरा, आणि दुकानात एचईव्हीसी चालतं का ते जरूर विचारा, चित्र दाबून पाठवायचं २०१३ चं हे तंत्र त्याच कामाच्या जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्या डेटात तसंच चित्र देतं. प्लॅनला महिन्याची डेटा लिमिट किती आहे ते मात्र आजच बघून घ्या, ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी जातात, म्हणजे एक पूर्ण वनडे बघितली की १८ च्या आसपास.